आप्पांचं दाढीचं मशीन (अनुभव धागा)

तापीकाठ
कानबाई (आमची श्रावणातली खानदेशी देवी) बसणार म्हणून घर रंगवायला काढलं. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, तर तळाशी आप्पांची दाढीची डबी. पितळी मशीन, वरचं निकेल उडालेलं. केस झडलेला ब्रश. आणि तुरटीचा खडा, एका बाजूने झिजून होडीसारखा झालेला.

अमळनेरच्या जुन्या घरी रविवारी सकाळी आप्पा अंगणात दाढीला बसायचे. बंबाचं कढत पाणी पितळी वाटीत, आरसा निंबाच्या खोडाला, खिळ्यावर. मी समोर पाटावर. फेस झाला की ब्रशाचा एक ठिपका माझ्या नाकाला लागायचाच. मग दाढी संपेपर्यंत आप्पा कोणाशी बोलत नसत. आई हाक मारायची, ते नुसता हात वर करायचे.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. मशीन चिंचेने घासलं, गरम पाण्यात ठेवलं, दुकानातून पाच ब्लेडचं पाकीट आणलं. चपखल बसलं! त्यांनी कधीकाळी घेतलेल्या मशीनला आजचं ब्लेड बसतं, याचंच मला फार अप्रूप वाटलं.

पहिल्या आठवड्यात जबड्याखाली दोनदा कापलं. कार्ट्रिजची (दोन-तीन पात्यांचं डोकं बदलायच्या रेझरची) सवय, मी दाबून फिरवत होतो. आता दोन महिने झाले. मानेवर लाल पुटकुळ्या यायच्या, केस आत वळायचे, बारा वर्षं तेच चाललं होतं. ते थांबलं. तुमच्यापैकी कोणी असं परत वळलंय का? घरातल्या कोणाची आठवण असेल तर तीही लिहा.

निंबाची सावली
नाकावरचा ठिपका!! आमच्या जिभाऊंचं पण अगदी हेच. डोळ्यात पाणी आलं भो. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

धोकटी
आमचा पिढीजात धंदा हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

आजोबा धोकटी (न्हाव्याची हत्यारांची पिशवी) घेऊन गावात घरोघर जायचे, बदल्यात वर्षाची ज्वारी मिळायची. वडिलांनी पाचोऱ्याला खुर्ची टाकली. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि पट्ट्यावर लावायचा जुना वस्तरा दुकानातून गेला. तेव्हापासून अर्धं ब्लेड मोडून वस्तऱ्यात घालतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं.

घरी मशीनने करणाऱ्यांनी एवढं पाळा. आधी दोन-तीन मिनिटं गरम पाणी, किंवा आंघोळीनंतरच दाढी. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो. मशीनमधली पत्ती गालाशी साधारण तीस अंशात. जोर अजिबात नाही, मशीनच्या वजनानेच कापलं पाहिजे. डाव्या हाताने कातडी ताणा. पहिला हात केसाच्या दिशेने, मग परत फेस लावून आडवा. उलटा हात कातडीला सवय झाल्यावरच, आणि मानेवर तर मुळीच घाई नको. मानेवरचे केस प्रत्येकाचे वेगळे वळतात. एक दिवस न करता बोट फिरवून बघा, कुठून खरखर लागते ते कळेल.

तापीकाठ, तुमच्या पुटकुळ्या का थांबल्या सांगतो. दोन-तीन पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं, मागचं तो कातडीच्या खाली कापतं. कुरळा राठ केस वर येताना आतच वळतो. एका पात्यात ते बरंच टळतं.

तापीकाठ
@धोकटी, दादा, हे वाचून खिशातली वही काढली. बोट फिरवून बघायचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. हनुवटीखाली उजवीकडे माझे केस चक्क आडवे आहेत!

बोअरचं पाणी
फेसच होत नाही त्याचं काय? आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. ब्रश दहा मिनिटं घासला तरी गालावर नुसतं दह्याचं पाणी.

गिरणामाय
@बोअरचं पाणी, जड पाण्यातला चुना-मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतो. दाढीपुरतं एक वाटी आरओ फिल्टरचं पाणी गरम करून घ्या, फरक लगेच दिसेल. पावसाळ्यात मी पत्र्यावरचं पाणी धरतो, त्याचा फेस बघाच एकदा, सायीसारखा. आणि ब्रश आधी भिजवून झटकायचा. पाणी थेंब थेंब वाढवायचं.

माहेर धरणगाव
मी दाढी करत नाही तरी लिहू का 😀

बाबांचं वापरलेलं ब्लेड आमच्या घरी कधी वाया गेलं नाही. आई कागदाच्या घडीत धरून मधोमध मोडायची. अर्धं शिलाई उसवायला, अर्धं आमच्या पेन्सिलीला. शिलाई मशीनच्या खणात ते अर्धं ब्लेड आजही आहे.

आता सासऱ्यांची दाढी मी करते. हात थरथरतात त्यांचे, कंपवात आहे. मशीनने करून बघितली, पण मान मध्येच हलते, माझा जीव वर-खाली. त्यांच्यासाठी साधं दोन पात्यांचं रेझरच बरं. ब्रश मात्र त्यांचाच जुना. ब्रश गालावर गोल फिरायला लागला की डोळे मिटतात आणि हाताची थरथर थोडी कमी होते. मी मुद्दाम जास्त वेळ फेस करते.

निंबाची सावली
ताई 🙏

धोकटी
ताई, अगदी बरोबर करताय. हलणाऱ्या माणसाला मशीन नको. खुर्चीला मागे उशी द्या आणि कपाळाला तळहात टेकवून ठेवा, मान स्थिर राहते.

भुसावळ अप
वडील रेल्वेत गार्ड होते. लाइन पेटीत झेंड्या, दिवा आणि कोपऱ्यात दाढीची डबी. रनिंग रूमला (गाडीवरच्या लोकांची विश्रांतीची खोली) कुठेही उतरले तरी ड्यूटीवर जायच्या आधी दाढी. घरी आले की खिशातून मला ब्लेडवरचे कागद मिळायचे, मी जमवायचो. टोपाझचे सगळ्यात जास्त होते, सेव्हन ओ'क्लॉकचे त्याखालोखाल.

एक उपयोगाचं सांगतो. विमानात हाताच्या सामानात ब्लेड चालत नाही. रिकामं मशीन न्या, पत्ती उतरल्यावर घ्या.

सातपुडा
थोडा इतिहास. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता होता. वापरून फेकायची पातळ पत्ती ही कल्पना त्याची, पण इतक्या पातळ पोलादाला धार टिकेना. ते विल्यम निकरसन या इंजिनिअरने जमवलं. 1903 साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात 51 मशिनं आणि 168 पात्या खपल्या. 1904 ला पेटंट मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सैनिकांना मशिनं वाटली आणि घरी दाढी करायची सवय त्यांच्याबरोबर गावोगाव गेली.

51 वरून इथपर्यंत! मला हे फार सुंदर वाटतं.

कळण्याची भाकर
शनिवारी रात्री दाढी करा, जळगावकरांनो. मे महिन्यात सकाळी दाढी करून उन्हात गेलं की घामाने गाल पेटतात. रात्री केली, तुरटी फिरवली, गार पाण्याने धुतलं की सकाळपर्यंत कातडी शांत.

तुरटीवरून आठवलं. पुरात तापीचं पाणी गढूळ यायचं तेव्हा आजी दाढीच्याच दुकानातून खडा आणायची आणि हंड्यात फिरवायची. गाळ खाली बसायचा. एकच खडा, नानांच्या गालाला आणि आमच्या पाण्याला. (वेगवेगळे तुकडे हो, घाबरू नका.)

बोअरचं पाणी
फिल्टरचं पाणी वापरलं. गिरणामाय, तुम्हाला भरीत-भाकरी लागू. गालावर साय होती साय!

गिरणामाय
भरीत कुठल्या वांग्याचं ते सांगा आधी. बामणोद गावची असतील तर उद्याच येतो.

कळण्याची भाकर
हिरवी लांब वांगी निघायला थंडी पडू द्या भो. आणि काड्यांच्या जाळावर भाजायचं, गॅसवर नाही.

निंबाची सावली
गिऱ्हाईक गेलं, आलो. आम्ही पोरं जिभाऊंच्या मागे लागायचो, "माले बी दाढी करनी शे". ते मशीनमधली पत्ती काढून रिकामं मशीन हातात द्यायचे. आम्ही फेस ओढत बसायचो, अर्धा तास. माझ्या मुलाला मागच्या रविवारी तसंच दिलं. चार वर्षांचा आहे. त्याने गाल फुगवला, अगदी जिभाऊंसारखा, आणि त्याने तर त्यांना पाहिलेलंही नाही.

घंटागाडी
एक विनंती. मी नगरपालिकेच्या गाडीवर असतो. कचऱ्यात उघडी ब्लेडं टाकू नका. ओल्या पिशवीत हात घातला की पहिलं तेच लागतं. माझ्या जोडीदाराचं बोट हाडापर्यंत गेलं होतं, आठ टाके.

पावडरचा पत्र्याचा डबा घ्या, वर फट पाडा, वापरलेली पत्ती त्यात. डबा भरायला वर्षानुवर्षं लागतात. भरला की फट चिकटपट्टीने बंद करा आणि भंगारवाल्याला सांगून हातात द्या.

तापीकाठ
@घंटागाडी, दादा, हे आधी सुचायला हवं होतं. आत्ताच आईच्या पावडरच्या रिकाम्या डब्याला फट पाडली, दोन महिन्यांच्या नऊ पत्त्या आत गेल्या. आप्पांच्या डबीतही कागदात गुंडाळलेली एक गंजकी पत्ती होती, शेवटच्या दाढीची असणार. ती ठेवली आहे.

माहेर धरणगाव
ठेवा. पण पेटीत नको, गंज बाकीच्यांना लागतो. खोबरेल तेलाचं बोट फिरवून वेगळ्या कागदात.

भुसावळ अप
ब्रशाचे केस झडले म्हणालात ना? दांडा फेकू नका. मी वडिलांच्या दांड्यात नवा गुच्छ बसवून घेतला. जुना कोरून काढायचा आणि नवा चिकटवायचा, एवढंच काम. मापाला दांड्याच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये लागतो. मोजून सांगा.

तापीकाठ
पट्टीने मोजला. बावीस.