चर्चा: म्हाताऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं की चहाच का तोडायचा?

दर्यापूरकर: बाबा सत्तरीच्या पुढचे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६० च्या वर निघालं अन् घरच्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचा चहा बंद केला. मला हे साफ चुकीचं वाटतं. कोलेस्टेरॉल चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळं वाढत नाही, कॉफीच्या तेलकट अंशातल्या कॅफेस्टॉल आणि काहवेऑल या घटकांमुळं वाढतं. चहात ते नसतातच. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमध्ये चाळिशीच्या पुढच्या २१,०८३ लोकांची पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. न गाळता उकळलेली कॉफी रोज सहा कप किंवा जास्त पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल त्यात जास्त दिसलं. कागदी गाळणीत हे तेल बरंचसं अडकतं. आपल्याकडं पाहुण्यांपुरती पाकिटातली इन्स्टंट कॉफी होते, तिच्यात ते फार थोडं असतं.

आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा: अहो दादा, बाबा कोरा चहा पितात का? म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के फॅट असतं. निम्मं दूध घातलेला १०० मिलीचा कप म्हणजे ३ ग्रॅमच्या वर फॅट, त्यातलं निम्म्याहून जास्त संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारं. असे पाच कप धरा, वर प्रत्येकात दोन चमचे साखर. गृहभेटीत मी हेच बघते. आजोबा म्हणतात, "मी काहीच खात नाही, फक्त चहा घेतो." तुम्ही ट्रायग्लिसराइड्सचा, म्हणजे साखरेनंही वाढणाऱ्या रक्तातल्या चरबीचा, आकडा दिलाच नाही.

वावरवाला: बाप्पा, बुढ्या माणसाचं सारंच काऊन तोडता? चायच्या निमित्तानं तो पारावर चार लोकांत बसते. घरी कोंडला तर जेवनच कमी करते. दूध कमी करा, पण चाय राहू द्या.

दर्यापूरकर: मी तेच म्हणतो! दोष दुधासाखरेचा. शिवाय पारावर चहासोबत आलूबोंडा अन् भजे येतात, तेल सकाळपासून तेच. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही.

सून, वाशीम: बोलणं सोपं आहे भाऊ. दारात म्हैस असताना "साय काढून दूध द्या" म्हटलं तर सासरे ताट सरकवतात. कप मोजणं तरी मला जमतं. माझ्या मते दोनच कप, सकाळी अन् दुपारी. संध्याकाळी घेतला की रात्रभर जागतात. जेवणाला लागून तर नकोच, जेवणातलं लोह अंगात कमी शोषलं जातं. अन् चहा सुटला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळीही आपल्या मनानं सोडतात, मला भीती त्याची आहे.

दर्यापूरकर: गोळी चालूच राहील. ताई, ट्रायग्लिसराइड्स २१० आहेत.

आरोग्यसेविका, यवतमाळ जिल्हा: मग जास्तच आहेत. आधी चहातली साखर कमी करा, आणि रक्तातली साखरही तपासा. थायरॉईड केलं का? ते कमी पडलं तरी एलडीएल वाढतं. चहा बंद करण्याआधी ती तपासणी करून घ्या.