आफ्रिकी संगीत अल्बममधून ऐकायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ (नांदेड)

सर्वांना नमस्कार. मी प्रामुख्याने हिंदुस्तानी रागसंगीताचा श्रोता आहे आणि तबल्याचे थोडेफार शिक्षण झाल्यामुळे तालाकडे माझे लक्ष आधी जाते. अलीकडे मालीचे अली फारका तुरे आणि अमेरिकेचे राय कूडर यांचा 'टॉकिंग टिंबक्टू' हा १९९४ चा अल्बम ऐकला आणि त्यातील गिटारने मला अक्षरशः धरून ठेवले. पुढे काय ऐकावे म्हणून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा एकीकडे 'आफ्रिकेचे ढोल' अशा नावाखाली गायक-वादकांची नावेसुद्धा न देणारी मिसळ सापडली आणि दुसरीकडे शेकडो अल्बमांच्या याद्या सापडल्या. एवढ्या मोठ्या खंडाचे संगीत एका नावाखाली घालणे योग्य नाही हे मला कळते; तरीही कुठून तरी आत शिरावे लागणारच.

आधी पारंपरिक संगीत ऐकून मग आधुनिक, लोकप्रिय संगीताकडे वळावे, की उलट? अल्बम सलग ऐकावा की वेचक गाणी ऐकली तरी चालेल? आणि भाषा अजिबात कळत नसताना आपण नेमके काय ऐकतो आहोत, याचे भान कसे ठेवावे? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

जुनी तबकडी (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या पहिल्या प्रश्नातली विभागणीच मला फारशी उपयोगी वाटत नाही. कोणताही आफ्रिकी अल्बम हाती आला की तो पारंपरिक की लोकप्रिय हे विचारण्याआधी, तो कोणी, कुठे आणि कोणत्या श्रोत्यासाठी मुद्रित केला हे विचारावे. ऐकू येणाऱ्या संगीताचा मोठा भाग त्या उत्तरात असतो.

आपण ज्यांच्यापासून सुरुवात केली त्या अली फारका तुरे यांचेच उदाहरण घेऊ. 'टॉकिंग टिंबक्टू' लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झाला. त्यात अमेरिकी वादक आहेत आणि ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानशैलीची सवय असलेल्या कानाला तो लगेच आपलासा वाटतो. १९९९ चा 'नियाफुंके' मात्र नायजर नदीकाठच्या त्यांच्या स्वतःच्या गावात, यंत्रसामग्री तिथे नेऊन मुद्रित केलेला आहे. पुढे २००४ मध्ये ते त्याच गावाचे महापौर झाले. हे दोन अल्बम एकापाठोपाठ ऐकले की पहिल्यात पाहुण्यासाठी थोडे आवरून बसलेला माणूस दुसऱ्यात स्वतःच्या ओसरीवर मोकळा झालेला ऐकू येतो. त्यांना ब्लूजचे आफ्रिकी रूप म्हटलेले स्वतः तुरे यांना रुचत नसे. मूळ आपल्याकडचे आणि फांद्या अमेरिकेतल्या, असे त्यांचे ठाम मत होते. ते मत पूर्ण पटो वा न पटो, 'नियाफुंके' ऐकल्यावर ते हट्टातून आलेले नव्हते एवढे नक्की कळते.

त्यानंतर मालीची राजधानी बामाको इथल्या एका हॉटेलात मुद्रित झालेला, तुरे आणि कोरावादक तुमानी दियाबाते यांचा २००५ चा 'इन द हार्ट ऑफ द मून' ऐकावा आणि तिथून मागे, दियाबाते यांच्या १९८८ च्या 'कायरा'कडे जावे. कोरा म्हणजे मोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडे ताणून केलेले एकवीस तारांचे वाद्य. 'कायरा'मध्ये दुसरे कोणतेही वाद्य नाही आणि एकावर एक थर चढवून केलेले मुद्रणही नाही. खालचा खर्ज, मधली फिरती धून आणि वर उधळलेल्या ताना हे सारे एकच माणूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी वाजवतो आहे. हे आधी माहीत नसेल तर तीन वादक बसले आहेत असेच वाटते. फोनच्या स्पीकरवर त्यातला खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून निदान बरा हेडफोन वापरावा.

अल्बम सलग ऐकण्याबाबत म्हणाल, तर नायजेरियाच्या फेला कुटी यांच्या बाबतीत दुसरा पर्यायच नाही. त्यांच्या 'झॉम्बी'मध्ये तबकडीची एक बाजू एकाच गाण्याने भरलेली आहे. टोनी अ‍ॅलन यांचा ड्रमवरचा ठेका, मग गिटार, मग पितळी वाद्ये असे करत ते गाणे सावकाश रचले जाते आणि शब्द बऱ्याच वेळाने येतात. हुकूम मिळाला की विचार न करता चालणाऱ्या सैनिकांची त्यात थट्टा आहे. फेब्रुवारी १९७७ मध्ये लष्कराने लागोसमधल्या त्यांच्या वसाहतीवर हल्ला करून ती जाळली आणि त्यात जखमी झालेल्या त्यांच्या आईचा पुढच्या वर्षी मृत्यू झाला. अशा गाण्याचा दोन मिनिटांचा तुकडा ऐकणे म्हणजे काहीच न ऐकणे होय.

डाव्या हाताचा तबलजी (अंबाजोगाई)

'जुनी तबकडी' यांच्या उत्तरात ताल थोडक्यात आटोपला आहे, म्हणून तेवढीच भर घालतो.

गोदाकाठ, आपला हात तबल्यावर बसलेला असेल तर झिंबाब्वेच्या शोना समाजाच्या एंबिरा या वाद्याकडे लवकर वळावे. लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी आणि एका तर्जनीने छेडून ते वाजवतात आणि घुमण्यासाठी ते मोठ्या भोपळ्यात ठेवतात. पॉल बर्लिनर या अभ्यासकाने मुद्रित केलेला 'द सोल ऑफ एंबिरा' हा अल्बम १९७३ मध्ये निघाला आणि आजही सुरुवातीसाठी त्याहून चांगला अल्बम मला माहीत नाही. बहुतेक रचनांचे आवर्तन अठ्ठेचाळीस ठोक्यांचे, म्हणजे बारा-बाराच्या चार भागांचे असते. एक वादक कुशाउरा म्हणजे मुख्य भाग वाजवतो आणि दुसरा कुत्सिन्हिरा म्हणजे त्यात गुंफला जाणारा भाग वाजवतो. दोघांचे स्वर एकमेकांच्या फटींत असे बसतात की प्रत्यक्षात कोणीही न वाजवलेली तिसरीच धून ऐकू येऊ लागते. शेजारी होशो हा भोपळ्याचा खुळखुळा चाललेला असतो. तो तीन-तीनाने मोजावा तर पट्ट्या दोन-दोनाने चाललेल्या वाटतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही आड लय आहे. फरक इतकाच की आपण तबल्यावर आड लयीत जातो आणि समेवर परत येतो, इथे मात्र दोन्ही लयी पहिल्यापासून अखेरपर्यंत एकत्र नांदतात आणि सम म्हणून बोट ठेवावे अशी एकच ठरलेली जागा नसते. तबलजीला सुरुवातीला हे फार अस्वस्थ करते. सम शोधण्याचा नाद सोडून कधी दोनाची, कधी तीनाची टाळी धरून ऐकावे.

या वाद्याच्या फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची बुचे मुद्दाम लावलेली असतात आणि त्यांच्या झणझणाटाला अनेक श्रोते मुद्रणातला दोष समजतात. तंबोऱ्याची जवारी काढून टाकली तर जे उरेल, तेच हा झणझणाट काढल्यावर एंबिराचे होईल. काँगोच्या कोनोनो नंबर वन या चमूने तर अशाच जातीच्या लिकेंबे वाद्याला घरगुती मायक्रोफोन आणि जुने भोंगे जोडून तो खरखराटच संगीताचा भाग केला. त्यांचा २००४ चा 'काँगोट्रॉनिक्स' मोठ्या आवाजातच ऐकावा, घरच्यांची परवानगी घेऊन.

पारंपरिक आधी की लोकप्रिय आधी, या प्रश्नावर माझे उत्तर उलट क्रमाचे आहे. झिंबाब्वेचे गायक थॉमस मापफुमो यांनी १९७० च्या दशकात एंबिराच्या धुना इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या. तारा तळहाताने किंचित दाबून वाजवल्या की पट्ट्यांचा ठुसका आवाज निघतो आणि ड्रमच्या झांजा होशोचे काम करतात. ऱ्होडेशियातील (आजच्या झिंबाब्वेतील) गोऱ्या राजवटीविरुद्धच्या लढ्याची ही गाणी होती आणि त्यांपायी त्यांना अटकही झाली. ड्रम-गिटार ओळखीचे असल्यामुळे त्यांच्या अल्बमांतून आत शिरणे सोपे जाते आणि मग बर्लिनर यांचे मुद्रण ऐकताना त्या गिटारचा उगम आपोआप उमगतो.

ओवीकार (लातूर)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण त्यांत शब्दांना दुय्यम स्थान मिळाले आहे आणि मला ते मान्य नाही. भाषा येत नाही म्हणून केवळ ताल-सुरांवर समाधान मानले तर यातले निम्मे संगीत आपल्या हाती लागत नाही.

तुमानी दियाबाते हे जेली घराण्यातले होते. दियाबाते, कुयाते, सिसोको ही आडनावे ऐकली की पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी, राजांच्या कथा आणि स्तुतिगीते जतन करणारी कुळे समजावीत. आपल्याकडे त्यांची तुलना काही लोक गोंधळ्यांशी करतात. ती मला पटत नाही, कारण गोंधळी देवीपुढे उभा असतो आणि जेलीपुढे मुख्यतः हयात यजमान आणि त्याचे पूर्वज असतात; तुलना करायचीच असेल तर ती वंशावळ सांगणाऱ्या भाटाशी करावी.

याच मालीच्या वासुलू प्रदेशातल्या उमू सांगारे मात्र जेली कुळातल्या नाहीत आणि त्यांचे गाणे कोणाच्या स्तुतीला बांधलेले नाही. १९८९ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात मुद्रित झालेला 'मुसोलू' हा त्यांचा पहिला अल्बम. पश्चिम आफ्रिकेत तो कॅसेटच्या रूपाने घराघरांत आणि बाजारांत पोहोचला, तेव्हा त्या वयाच्या विशीत होत्या. बहुपत्नीत्व आणि मुलीच्या मनाविरुद्ध लावलेले लग्न यांवर त्या थेट बोलतात. त्यांच्यामागे वाजणारे कामेले एन्गोनी हे वाद्य शिकाऱ्यांच्या विधिवाद्यावरून तरुणांनी नाचगाण्यासाठी केलेले आहे. परंपरेतले वाद्य घेऊन परंपरेतल्याच प्रथेला प्रश्न विचारणारा हा अल्बम कोणत्या कप्प्यात ठेवणार? या मुद्द्यावर 'जुनी तबकडी' यांच्याशी मी सहमत आहे.

काँगोच्या फ्रँको यांचे मोठे गाणे 'मारिओ' (१९८५) अर्थ जाणून ऐकावे. वयाने मोठ्या, पैसेवाल्या बाईच्या जिवावर राहणाऱ्या शिकलेल्या तरुणाची ती कथा आहे आणि किन्शासात तिची चर्चा घरोघरी झाली. काँगोली रुंबाच्या गाण्यात आधी संथ कडवी येतात आणि मग सेबेन हा गिटारांचा वेगवान, नाचाचा भाग येतो. घाईने सेबेनवर उडी मारणारा श्रोता कथा ऐकतच नाही.

अर्थ मिळवण्याचा मार्ग म्हणजे अल्बमसोबतची टिपणपुस्तिका. स्ट्रीमिंगवर ती बहुधा नसते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने मात्र फोकवेज कंपनीच्या जुन्या तबकड्यांची टिपणे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. त्यांतली काही टिपणे त्या काळच्या गोऱ्या अभ्यासकाच्या नजरेची आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावीत.

गोदाकाठ (नांदेड)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'कायरा' ऐकला, अंगठ्यांचे सांगितले नसते तर मी खरोखरच सहवादकांची नावे शोधत बसलो असतो. आणखी एक विचारतो. इथिओपियाच्या काही गाण्यांत मला स्पष्टपणे भूप ऐकू आला. हा माझा भास आहे का? मलिक अंबर मूळचा तिथलाच असल्यामुळे काही जुना धागा असू शकेल का?

जुनी तबकडी (छत्रपती संभाजीनगर)

भास नाही. इथिओपियाच्या उंच पठारी प्रदेशातले संगीत मुख्यतः पाच स्वरांच्या चौकटींवर उभे आहे आणि त्यांपैकी तिझिता या चौकटीच्या एका रूपात सा रे ग प ध हेच स्वर लागतात. पण स्वर सारखे म्हणजे राग सारखा नव्हे. तिथली कंठातली कंपने आणि विरहाचा भाव भूपाच्या स्वभावाशी जुळत नाहीत.

मलिक अंबरचा धागा कृपया ओढू नये. त्याने १६१० मध्ये आमच्या शहराची खडकी म्हणून पायाभरणी केली, नहर खोदली आणि १६२६ मध्ये मरण पावल्यावर तो खुलताबादेत विसावला, एवढे पुरेसे आहे. पंचस्वरी गाणे चीनपासून स्कॉटलंडपर्यंत सापडते, त्यासाठी हबशी सरदाराची गरज नाही. उलट आपण ऐकलेल्या गाण्यातली पितळी वाद्ये कुठून आली ते पाहावे: १९२४ मध्ये रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, यांनी जेरुसलेमहून चाळीस आर्मेनियन अनाथ मुलांचा बँड अदिस अबाबात आणला आणि तिथून सरकारी बँडची परंपरा वाढली. त्या बँडांत तयार झालेले वादक पुढे शहरातल्या क्लबांत वाजवू लागले. १९६९ मध्ये अम्हा एशेते या तरुणाने ध्वनिमुद्रणावरची सरकारी मक्तेदारी न जुमानता स्वतःची तबकडी काढली आणि पुढची काही वर्षे बहराची गेली. १९७४ च्या लष्करी क्रांतीनंतरच्या संचारबंदीने रात्रीचे क्लब बंद पाडले. फ्रेंच संपादक फ्रान्सिस फाल्सेतो यांनी 'एथिओपीक' या अल्बममालिकेत हे सारे पुन्हा उजेडात आणले. तिचा चौथा खंड बॉस्टनमध्ये जाझ शिकून आलेल्या मुलातु अस्तात्के यांचा आहे आणि सातवा महमूद अहमद यांचा. माझे मत विचाराल तर आधी सातवा ऐकावा. चौथा सुंदर असला तरी चित्रपटांनी आणि कॅफेंनी तो पार गुळगुळीत करून टाकला आहे.

पूर्णेकाठची (परभणी)

गोदाकाठ दादा, आपल्याला जुना धागाच हवा असेल तर तो दुसऱ्या किनाऱ्यावर आहे आणि त्याची तबकडीही उपलब्ध आहे. झांझिबारच्या गायिका सिती बिंती साद १९२८ मध्ये आपल्या वादकांसह मुंबईला आल्या आणि ग्रामोफोन कंपनीने तिथे त्यांची स्वाहिली गाणी मुद्रित केली. गुलामगिरीत जन्मलेल्या आई-वडिलांची, खेड्यात मातीची भांडी विकणारी ही बाई पूर्व आफ्रिकेतली पहिली मोठी ध्वनिमुद्रित गायिका ठरली. त्याआधी तआरब हे झांझिबारच्या सुलतानाच्या दरबारातले अरबी गाणे होते. सिती बिंती साद यांनी ते स्वाहिलीत आणि सामान्य माणसाच्या विषयांवर आणले.

पुढे या तआरबमध्ये हार्मोनियम आणि तबला तर आलाच, शिवाय हिंदी चित्रपटगीतांच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवण्याची प्रथाच पडली आणि मोंबासाचे जुमा भालो त्यासाठी फार प्रसिद्ध झाले. त्यांची गाणी ऐकताना चाल आधी ओळखीची वाटते आणि शब्द मात्र अनोळखी निघतात. सिती बिंती साद यांच्या मूळ तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आहेत आणि खरखर पुष्कळ आहे, त्यामुळे एकदम त्यांच्याकडे जाऊ नये. आधी त्यांच्याच परंपरेतल्या बी किदुदे यांची अलीकडची मुद्रणे ऐकावीत, त्या भरड, खुल्या आवाजाची सवय होऊ द्यावी आणि मगच १९२८ कडे वळावे. मुद्रणांचे दुवे मी व्यक्तिगत निरोपात पाठवते, कारण काही ठिकाणी गायिकेचे नाव चुकीचे दिलेले आहे.