चर्चा : नाटक-सिनेमाने कोणाचं तारण होत नाही म्हणे

पडद्यामागे
नाताळाच्या कार्यक्रमावर बोलणं चाललं होतं, त्यात 'वचनमात्र' यांनी जाता जाता पिंक टाकली. थोडक्यात अशी : मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) नाटकं आणि ख्रिस्ताचे सिनेमे ही हौशी लोकांची करमणूक आहे, विश्वास ऐकण्याने येतो, बघण्याने नाही, तोच वेळ घरोघर भेटींना द्यावा. तिथेच दोन ओळी लिहायला बसले होते. दोन ओळींत राग मावेना, म्हणून हा धागा.

14 वर्षं मी विंगेत पुस्तक धरून उभी आहे. शेवटच्या जेवणाच्या प्रसंगात पेत्र वाक्य विसरला की ते माझ्याच तोंडून हळूच बाहेर पडतं. तेव्हा 'करमणूक' हा शब्द मला जरा लागतो.

बायबलमधलं यहेज्केल 4 काढा. देवाने या संदेष्ट्याला विटेवर यरुशलेम रेखाटायला लावलं, त्या विटेला वेढा घालायला लावला, 390 दिवस डाव्या कुशीवर आणि 40 दिवस उजव्या कुशीवर निजवलं. हे प्रवचन होतं का? यिर्मया संदेष्टा मानेवर जू घेऊन हिंडला. नाथान संदेष्ट्याने पाप केलेल्या दाविद राजापुढे आज्ञा वाचून दाखवल्या नाहीत, गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि राजाने भडकून स्वतःलाच शिक्षा ठोठावली.

आणि नाटक चर्चमध्ये बाहेरून घुसलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : युरोपात ते दहाव्या शतकात पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) उपासनेतच पुन्हा रुजलं. 'थडग्यात कोणाला शोधता?' हा देवदूतांचा प्रश्न आणि स्त्रियांचं उत्तर, एवढंच नाटक. करणारे मठातले धर्मबंधू, रंगमंच म्हणजे वेदी.

वचनमात्र
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. रोमकरांस 10:17. विश्वास वार्तेने होतो. यापुढे खरं तर लिहायची गरज नाही, पण लिहितो.

यहेज्केलाला आज्ञा झाली होती. तुम्हाला कोणाची झाली? वेशभूषा समितीची? टर्टुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने साधारण इ.स. 200 च्या सुमारास खेळ-तमाशांवर अख्खा ग्रंथ लिहिला, विश्वासणाऱ्याने नाट्यगृहाच्या वाटेला जाऊ नये म्हणून. तो काही खुळा नव्हता.

बाकी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तीन महिने तालमी. प्रार्थनासभेला सात माणसं, तालमीला तीस. येशूचा झगा पांढरा की मोतिया यावर दोन भगिनींचं बोलणं बंद झालं, ते अजून सुरू नाही. प्रयोग संपला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पुढच्या रविवारी उपासनेला हेरोद राजा झालेला नाही, दोन मेंढपाळ झालेले नाहीत.

सिनेमाचंही तेच. दिवे लागले की लोक रडत असतात, हात वर होतात, कोणीतरी वहीत आकडा लिहितो. महिन्याने त्या आकड्यातले किती कुठे आहेत, हे त्या वहीत नसतं.

पडद्यामागे
वहीबद्दल बरोबर आहे, पण तो दोष वहीचा. 1979 चा 'येशू' हा सिनेमा बहुतेक लूकच्या शुभवर्तमानावरच (बायबलमधल्या येशूच्या चरित्रावरच) बेतलेला आहे आणि 2,000 हून अधिक भाषांत बोलतो. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही ती अंधारात बसून आपल्या आईच्या भाषेत लूक ऐकते. ऐकते! तुमचंच वचन. झग्याबद्दल काही बोलत नाही. मोतियाच होता.

ध्वनीवाला
दोन्ही बाजूंना नमस्कार. तुम्ही वचन म्हणा नाहीतर नाटक म्हणा, ते मागच्या रांगेपर्यंत पोचवतो कोण? तालमीला मला एकदाही बोलावत नाहीत. प्रयोगाच्या अर्ध्या तासाआधी हातात वायर देतात. खोट्या दाढीखाली माईक लावला तर वधस्तंभावरचं अखेरचं वाक्य झाडूने अंगण झाडल्यासारखं ऐकू येतं. हे मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी दाढी लांबते.

इंग्लंडातल्या यॉर्कला मध्ययुगात बायबलच्या नाटकांची काय पद्धत होती पाहा : नोहाचं तारू जहाज बांधणाऱ्यांनी सादर करायचं, शेवटचं जेवण बेकरीवाल्यांनी, आणि ख्रिस्ताला खिळण्याचा प्रसंग खिळे-टाचण्या करणाऱ्यांच्या संघाकडे. ज्याचं काम त्याला. आमच्याकडे माईकची जागा दिग्दर्शक ठरवतो.

सूक्ष्मदर्शी
माझा आक्षेप नाटकाला नाही, संहितेला आहे. लूक 2:7 मध्ये, येशूच्या जन्माच्या प्रसंगात, उतारशाळा (धर्मशाळा) आहे, उतारशाळेचा मालक नाही. दार आपटणं नाही. गाढवसुद्धा नाही. मागी लोक (पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले ज्ञानी) तीन होते असं मत्तयाचं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही (भेटी तीन होत्या), आणि ते 'घरात' गेले असं म्हणतो. तरी सगळे एकाच रात्री गव्हाणीभोवती दाटीवाटीने उभे!

शिवाय 'उतारशाळे'साठी मूळ ग्रीक शब्द 'कताल्युमा'. तोच शब्द लूक 22:11 मध्ये शेवटच्या जेवणाच्या खोलीसाठी आहे, म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत, लूकमध्येच, खरी उतारशाळा आहे, तिला दुसरा शब्द आहे, आणि तिथे मालकही आहे. म्हणजे लूकला हवा असता तर मालक आणता आला असता. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना आपण बायबलमध्ये नसलेला माणूस शिकवतोय.

एका मेंढपाळाची आई
सूक्ष्मदर्शी, तुमच्यासारख्यांमुळेच झालं ते. माझा मुलगा अडखळत बोलतो. त्याला उतारशाळेच्या मालकाचं काम दिलं होतं. वाक्य एकच : 'जागा नाही.' तीन आठवडे तो न्हाणीघराचं दार लावून म्हणत होता. 'जा-जा-' वर गाडी अडायची, मग पाय आपटून पुढे. शेवटी जमलं. एकदा नाही, सलग पाच वेळा. आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी कोणीतरी समितीला पत्र दिलं की हा माणूस शास्त्रात नाही. काढला. मुलाला मेंढपाळ केलं, न बोलणारा. 'कताल्युमा' त्याला काय सांगायचं होतं?

सूक्ष्मदर्शी
ते पत्र मी लिहिलेलं नाही.

एका मेंढपाळाची आई
तसंच कुठे लिहिलंत का, ते सांगा.

सूक्ष्मदर्शी
...आमच्या मंडळीत लिहिलं होतं. पण त्यात मुलांबद्दल काही नव्हतं. शिवाय मेंढपाळ शास्त्रात आहेत, ते बोलतातही (2:15). त्याला तेच वाक्य द्यायचं.

एका मेंढपाळाची आई
तेच वाक्य म्हणजे 'चला, आपण बेथलेहेमापर्यंत जाऊ' आणि पुढचं सगळं? धन्यवाद. तुम्हीच येऊन म्हणवून घ्या.

जपमाळ
मालकाचा मुद्दा सोडा आता, पंधरा प्रतिसाद होतील त्याच्यावर. आम्हा कॅथलिकांना हा वादच कळत नाही. क्रूसाच्या वाटेची, म्हणजे ख्रिस्ताच्या वधस्तंभापर्यंतच्या वाटेची, 14 स्थानकं गुडघे टेकत चालायची, ते काय आहे? आणि सहाव्या स्थानकावर येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका कुठल्याच शुभवर्तमानात नाही, तरी ती रुमाल घेऊन उभी असते.

सूक्ष्मदर्शी
वेरोनिकेवर मी मुद्दाम बोललो नव्हतो.

मागची बाक
तीन वर्षं मी नाटकात यहूदा इस्कर्योत, येशूला धरून देणारा शिष्य, केला. दुसऱ्या वर्षापासून संडे स्कूलची पोरं माझ्या बाकावर बसेनात. एका आजींनी 'शांती असो' म्हणताना हात मागे घेतला. विनोदी आहे, मीही हसलो. नंतर हसू गेलं.

कारण वचनमात्र 'करमणूक' म्हणतात तेव्हा ते रंगमंचाला फार हलकं समजतात. जर्मनीतल्या ओबरआमरगाउ गावाचं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं नाटक घ्या. 1633 मध्ये प्लेगच्या साथीत गावाने नवस केला, 1634 मध्ये पहिला प्रयोग, तेव्हापासून साधारण दर दहा वर्षांनी. भक्ती खरी, मेहनत खरी. आणि त्याच नाटकात यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या असे रंगवले गेले की 1934 च्या प्रयोगाला हिटलर आला आणि त्याला ते आवडलं. युद्धानंतर टीका झाली, संहिता हळूहळू बदलावी लागली. नुसत्या करमणुकीने हे होत नाही. लोक पाहिलेलं खरं मानतात, घरी नेतात. म्हणून माझं म्हणणं, सूक्ष्मदर्शींसारखा खवचट माणूस तालमीत एक असावाच. फक्त त्याला चार दिवस आधी नाही, चार महिने आधी बोलवा.

सूक्ष्मदर्शी
'खवचट' सोडून बाकीशी सहमत.

वचनमात्र
मागची बाक यांनी माझंच काम केलं. पाहिलेलं खरं वाटतं, हाच तर धोका. आणि परिणामच मोजायचा तर दादासाहेब फाळके घ्या. 1910-11 च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. 1913 ला 'राजा हरिश्चंद्र'. ख्रिस्ताचा सिनेमा पाहून ते ख्रिस्ती झाले नाहीत, सिनेमावाले झाले.

पडद्यामागे
वाक्य छान आहे, मानते. पण प्रवचन ऐकून सगळे ख्रिस्ती होतात का? काही झोपतातही. एक विचारते, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुम्ही स्वतः विश्वासात कसे आलात?

वचनमात्र
हे विचारणार हे ठाऊक होतं. सांगतो, पण उगाच नाचू नका.

बारा-तेरा वर्षांचा होतो. दोन बांबूंमध्ये पांढरी चादर ताणून सिनेमा दाखवत होते. मी चादरीच्या मागच्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे सगळं उलटं दिसत होतं, येशू डावखुरा. वधस्तंभावरून खाली उतरवलं, कबरेवर शिळा लोटली, आणि रीळ तुटलं. चादर पांढरीफटक. लोक उठून जायला लागले. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ चादरीपुढे उभे राहिले आणि उरलेलं तोंडाने सांगितलं. रविवारची पहाट, बायका, मोकळी कबर. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता, त्याच्यावर आवाज चढवून. मी तिथेच बसून राहिलो.

म्हणजे ऐकूनच.

पडद्यामागे
अर्धं.

वचनमात्र
महत्त्वाचं अर्धं.

मागची बाक
चादर नसती तर काका त्या दिवशी तिथे बसलेच नसते, पण ठीक आहे.

वचनमात्र
बसलो नसतो, बरं. खूश? तालमीला तीस आणि प्रार्थनेला सात, याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.

पडद्यामागे
नाही दिलं. माझ्याकडे नाही. यंदा प्रार्थनासभा तालमीच्या आधी, त्याच खोलीत ठेवून बघते. सात-आठजण उशिराच येतील, ते आत्ताच सांगून ठेवते.

ध्वनीवाला
काका, ते म्हातारे गृहस्थ माईकशिवाय बोलले ना? आणि रीळ कोण चालवत होतं? बघा, ते कोणालाच आठवत नाही.