'द महॉगनी मर्डरर्स': उपाख्यान की उसनवारी?

टिळकवाडीकर
बिग फिनिश या ब्रिटिश कंपनीचं हे श्राव्यनाट्य (2009, लेखक अँडी लेन) परवा रात्री ऐकलं, अजून डोक्यातून जात नाही. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या 1977 सालच्या एका कथेत नाटकगृहाचा चालक जेगो आणि शवविच्छेदन करणारे प्राध्यापक लाइटफूट ही दुय्यम पात्रं होती. बत्तीस वर्षांनी त्याच नटांनी, क्रिस्टोफर बेंजामिन आणि ट्रेव्हर बॅक्स्टर यांनी, ती पुन्हा उभी केलीत. मालिकेचा नायक, डॉक्टर, यात नाहीच. शवागारात प्रेत येतं ते नखशिखांत लाकडाचं, आणि पुढे कळतं की गुन्हेगारांची मनं अशा लाकडी देहांत घातली जातायत. 'अरे बघ, तो दार उघडतोय!' असं पात्रांनी बोलून दाखवणं हे श्राव्यनाट्याचं जुनं दुखणं. इथे दोघे गुत्त्यात बसून आपापली अर्धी हकीगत एकमेकांना सांगतात, त्यामुळे ते दुखणंच उरत नाही. माझ्या मते स्पिन-ऑफ, म्हणजे मूळ मालिकेतून फुटलेली वेगळी कथा, असावा तर असा.

खानापूरची श्रोती
नाही पटलं. दोघे समोर बसून सांगतायत म्हणजे दोघेही वाचले, हे सुरुवातीलाच कळतं. मग धाक कसला? लाकडात आठवण राहते कुठे, याचंही माझं समाधान झालं नाही. आणि त्या 1977च्या कथेत चिनी जादूगाराचं काम इंग्रज नटाने चेहरा रंगवून केलंय. तिची पात्रं उसनी घेतली की तो डागही सोबत येतो.

निपाणीकर
जेगोची अनुप्रासांनी लगडलेली इंग्रजी पहिल्यांदा माझ्या कानावरून गेली. वडील सांगली आकाशवाणीची नभोनाट्यं ऐकत वाढलेले, त्यांना ऐकवलं. म्हणाले, "भाषा कळंना, पण ह्यो नाटक कंपनीचा मालक हाय बग."

टिळकवाडीकर
डागाचं तुमचं म्हणणं बरोबर, तो झाकू नये. धाकाचं मात्र नाही ओ. शकुंतला हे आदिपर्वातलं उपाख्यान. त्यावर कालिदासाचं नाटक, आणि त्यावरून 1880 साली आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल'. शेवट सगळ्यांना ठाऊक होता, तरी थिएटरं भरली. ही उसनवारी म्हणायची का?

खानापूरची श्रोती
पण कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी स्वतःची घातली, महाभारतात ती नाहीत. या कथेची अंगठी कुठली, तेवढं सांगा.

टिळकवाडीकर
मैत्री. 1977च्या सहा भागांत हे दोघे एकमेकांना भेटतात तेच मुळी पाचव्या भागात. एक बडबड्या, आतून भित्रा. दुसरा घरंदाज, शांत. तिथे त्या मैत्रीला जागाच मिळाली नव्हती. या नाट्याने ती दिली, आणि त्यातूनच 2010पासून त्यांची वेगळी मालिका निघाली, तिचे तेरा संच झाले. 2017 साली बॅक्स्टर गेले. आता शेवटच्या संचातला लाइटफूटचा आवाज ऐकताना माझा घसा दाटतो.

खानापूरची श्रोती
मैत्रीचं मान्य. लाकडाचं अजून नाही. आज दिवे बंद करून पुन्हा ऐकते, मग भांडू.