जुनी वॅगन आर: वळताना चाकातून कट-कट, बूट बदलून भागेल का?

घाटवाट
२००६ ची वॅगन आर, १,१२,००० किमी. स्टेअरिंग उजवीकडे पूर्ण काटून गाडी पुढे घेतली की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट. सरळ चालताना काही नाही. बाहेरचा बूट (जॉइंटवरचं घडीचं रबरी आवरण) घडीवर फाटलाय, चाकाच्या आतून ग्रीस उडालंय. एक मेकॅनिक म्हणतो बूट आणि ग्रीस टाकू, दुसरा म्हणतो अख्खा एक्सल (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा शाफ्ट) बदला. काय करावं?

पाना १०-११
आवाज आला म्हणजे नुसत्या बुटाची वेळ गेली. बाहेरच्या सीव्ही जॉइंटमध्ये (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, चाक वळलं तरी फिरवत राहणारा सांधा) सहा गोळ्या खाचांत बसलेल्या असतात. फाटक्या बुटातून माती आत गेली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो आणि खाचा झिजतात. सरळ चालताना गोळ्या जवळजवळ जागच्या जागी असतात, चाक काटलं की त्या खाचेत पुढेमागे धावतात, म्हणून आवाज वळणावरच. नवं ग्रीस झीज भरून काढत नाही. आठ-पंधरा दिवस आवाज दबेल, बस.

अख्खा एक्सलही घाईने नको. आधी आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघा. तो गेला की सरळ रस्त्यावर, विशेषतः चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते. तसं नसेल तर बाजारात बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो. घेताना जुना सोबत न्या आणि दोन्हीकडचे दाते मोजा, नुसत्या मॉडेलच्या नावावर घेऊ नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर दातेरी रिंग असलेलाच जॉइंट लागतो.

गिअर ऑइल
काम करताना चुका इथे होतात:

हब नट (चाकाच्या मधोमध, शाफ्टच्या टोकाचा मोठा नट) चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, जॅकवर जोर लावू नका. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक काढा. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढणार असाल तर आधी ऑइल काढून घ्या, नाहीतर ते फरशीवर येईल. हबमधून शाफ्ट ठोकताना नट टोकाला लावून ठेवा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

जुना जॉइंट पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) आतल्या रिंगवर ठोकून सुटतो, आत सर्कलिप (जॉइंट शाफ्टवर अडकवून ठेवणारी तारेची रिंग) असते. नव्याला नवीच सर्कलिप. बूट आणि लहान क्लिप आधी शाफ्टवर चढवायची, हे विसरलात की सगळं पुन्हा खोला. किटमधली ग्रीसची पुडी पूर्ण भरा. ती मॉलिब्डेनमची काळी असते. बेअरिंगचं पिवळं ग्रीस चालत नाही. मोठी क्लिप आवळण्याआधी बुटातली हवा सोडा.

गिअरबॉक्सचं ऑइल सील स्वस्त आहे, शाफ्ट बाहेर आलाच तर बदलून टाका. हब नट चेपून लॉक करायचा प्रकार असेल तर नवा, स्प्लिट पिनचा असेल तर पिन नवी. नट टॉर्क रेंचनेच (जोर मोजून आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एअर गनने अंदाजे आवळलं की बेअरिंग लवकर जातं. नट ढिला असताना गाडी चाकावर ढकलू नका, त्यानेही बेअरिंगची वाट लागते.

घाटवाट
आतला ठीक आहे, थरथर नाही. एकाने डावा-उजवा जॉइंट अदलाबदल सुचवला.

पाना १०-११
जुना जुगाड आहे. गोळ्या खाचेच्या दुसऱ्या, कमी झिजलेल्या कडेवर दाबतात, म्हणून आवाज कमी होतो. पण तुमच्या जॉइंटमध्ये माती गेलीय, मेहनत तेवढीच आणि फायदा थोडा. उजवा बूटही तपासा. स्टेअरिंग पूर्ण काटून घड्या उघडा, बारीक चीर तिथेच दिसते. तिकडे आवाज नसेल आणि ग्रीस बोटांत चोळल्यावर करकर लागत नसेल, तर तिथे मात्र साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट पुरे.