बेकनची उरलेली चरबी स्वयंपाकात वापरली तर चालते का? (एलडीएल जरा वाढलंय)

रविवारचा_तवा
नमस्कार मंडळी. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, आमच्याकडे बेकन (डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पट्ट्या) होतं आणि पॅनमध्ये जी चरबी सुटते ती मी टाकत नाही, बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवतो. मग आठवडाभर त्यातलीच चमचा चमचा घेऊन अंडी, बटाटे, कोबी, कधी नुसता कांदा परततो. चव काय येते ते ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत. आता झालंय असं की गेल्या महिन्यात ब्लड टेस्ट केली, एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १३८ आलं, डॉक्टरांनी गोळी वगैरे काही दिली नाही, फक्त म्हणाले सॅच्युरेटेड फॅट (लोणी-चरबीत जास्त असतं ते) कमी करा आणि तीन महिन्यांनी परत या. हे घरी येऊन सांगितलं ती घोडचूक झाली, कारण त्या दिवसापासून बायकोचा डोळा त्या बरण्यांवर आहे (हो, दोन आहेत, एक जुनी एक नवी).
नेटवर शोधलं तर अर्धे लोक म्हणतात विष आहे, अर्धे म्हणतात अहो ऑलिव्ह ऑइलमध्ये असतं तेच फॅट आहे यात, आणि मधेच ती यादी पण दिसली ज्यात डुकराच्या चरबीला जगातल्या पौष्टिक पदार्थांत आठवा नंबर दिलाय. खरं काय समजायचं? वापरायची तर किती? ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, मला 'चालेल' असंच उत्तर हवंय, पण खोटं नको.

लोखंडी_पॅन
बिनधास्त खा हो. त्या चरबीत सगळ्यात जास्त काय आहे तर मोनोअनसॅच्युरेटेड, म्हणजे ओलिक अॅसिड, ऑलिव्ह ऑइलवालंच. लोक उगाच घाबरवतात. मी दोन वर्षं कीटोवर (भात-पोळी-साखर जवळपास बंद, फॅट भरपूर) आहे, तेल घरात येतच नाही, सगळं बेकनच्या चरबीत नाहीतर लोण्यात, आणि वजन ११ किलो उतरलंय.

मोजूनमापून
वरचं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं हे प्रकरण जरा वाईटच असतं.
मी आहारशास्त्र शिकलेय त्यामुळे थोडं आकड्यात सांगते. बेकनच्या चरबीत साधारण ४५ टक्के मोनोअनसॅच्युरेटेड, ३९ टक्के सॅच्युरेटेड आणि ११ टक्के पॉलीअनसॅच्युरेटेड. म्हणजे लोखंडी_पॅन म्हणतात ते ओलिक अॅसिड खरंच सगळ्यात जास्त आहे. पण ऑलिव्ह ऑइलमध्ये सॅच्युरेटेड १४ टक्क्यांच्या आसपास असतं, इथे ३९, ते सांगायचं राहून गेलं! दोघांत एक गोष्ट सारखी आहे म्हणून दोघं सारखे होत नाहीत.
आता चमच्यात. एक मोठा चमचा (टेबलस्पून) चरबी म्हणजे १३ ग्रॅम, साधारण ११५ कॅलरी, सॅच्युरेटेड ५ ग्रॅम. लोण्याचा तेवढाच चमचा घेतलात तर ७ ग्रॅम, ऑलिव्ह ऑइलचा २ च्या आत, खोबरेल तेलाचा मात्र ११-१२. तुम्ही दिवसाला २००० कॅलरी खाता असं धरलं तर डब्ल्यूएचओ म्हणतं सॅच्युरेटेडमधून येणाऱ्या कॅलरी १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे २२ ग्रॅम. एलडीएल उतरवायचं असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशन त्याहून कडक आहे, ६ टक्क्यांच्या आत, म्हणजे १३ ग्रॅम. ही मर्यादा पूर्ण दिवसाची आहे, त्यात दूध, चीज, मटण, बिस्किटं, चॉकलेट सगळं आलं. या १३ मधले ५ एकाच चमच्यात गेले की बाकीच्या दिवसाला ८ उरतात.
म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: चालेल, पण छोट्या चमच्याने. छोटा चमचा (टीस्पून) म्हणजे पावणेदोन ग्रॅम सॅच्युरेटेड, तेवढं बसवता येतं. आणि ते दुसऱ्या कशाच्या तरी जागी हवं, वरून नको. लोण्याच्या जागी घेतलीत तर उलट थोडं कमीच झालं. ऑलिव्ह किंवा सूर्यफूल तेलाच्या जागी घेतलीत तर वाढलं. प्रश्न नुसता 'चांगली का वाईट' असा नसतोच, कशाच्या ऐवजी हे आधी बघायचं.

लोखंडी_पॅन
पण सॅच्युरेटेड फॅट आणि हार्टचा काही संबंध नाही हे आता सिद्ध झालंय ना? आणि कोलेस्टेरॉलची मर्यादा तर अमेरिकेने २०१५ मध्ये काढूनच टाकली.

मोजूनमापून
दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. काढून टाकली ती अन्नातल्या कोलेस्टेरॉलची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा. सॅच्युरेटेड फॅटची १० टक्क्यांची तशीच ठेवली. आणि अन्नातलं कोलेस्टेरॉल म्हणाल तर या चरबीत चमच्याला १२ मिलिग्रॅम, एका अंड्यात १८० च्या वर असतं, म्हणजे तो मुद्दा इथे जवळपास नाहीच.
'सिद्ध झालंय' म्हणाल तर कोक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) निरनिराळ्या चाचण्या एकत्र करून २०२० मध्ये आढावा घेतला होता, त्यात कमीत कमी दोन वर्षं सॅच्युरेटेड कमी केलेल्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून साधारण १७ टक्क्यांनी कमी झाले. एकूण मृत्यूंमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्या जागी काय खाल्लं यावर बरंच अवलंबून असतं. सॅच्युरेटेड काढून मैदा आणि साखर घातली तर काय फायदा होणार.

पूर्वाश्रमीचा_कीटोकर
लोखंडी_पॅन दादा, तुमच्या वजनाचं अभिनंदन, मनापासून. पण एक विचारू का, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) कधी केलंत शेवटचं? मी पण वर्षभर असाच होतो, वजन उतरलं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरले, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वाढलं, मी हवेत, आणि एलडीएल १२१ चं १७४ झालं होतं ते मला कळलंच नाही कारण मी टेस्टच करत नव्हतो! ऑनलाइन कोच होता एक, तो म्हणाला या एलडीएलला काही अर्थ नसतो दुर्लक्ष करा. पैसे घेऊन दुर्लक्ष करायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. शेवटी डॉक्टरांनीच खडसावलं, लोणी-चरबी निम्म्यावर आणली, ओट्स आणि राजमा सुरू केला, चार महिन्यांत १३० वर आलं. प्रत्येकाचं शरीर वेगळं, काहींचं एलडीएल सॅच्युरेटेडने ढिम्म हलत नाही, काहींचं रॉकेटसारखं जातं. आपण कुठल्या गटात ते टेस्ट केल्याशिवाय कळत नाही.

लोखंडी_पॅन
ओके, टेस्ट करतो. दीड वर्ष झालं असेल.

धूरकट
सगळे फॅटवरच बोलताय, चरबी बेकनची आहे हे विसरलात का? लार्ड वेगळं आणि ही वेगळी. लार्ड म्हणजे डुकराची साधी वितळवलेली चरबी. बेकन हे मीठ आणि नायट्राइट (मांस टिकवायचं रसायन) लावून मुरवलेलं, बहुतेक वेळा धूर दिलेलं मांस. ते कडक आचेवर तळलं की नायट्राइट आणि मांसातली अमाइन्स मिळून नायट्रोसअमाइन (कॅन्सरशी संबंध जोडला जातो ती संयुगं) तयार होतात, त्यातलं बेकनमध्ये मुख्य म्हणजे नायट्रोसोपायरोलिडीन, आणि गंमत (गंमत कसली) अशी की ते खाण्याच्या तुकड्यापेक्षा पॅनमध्ये सुटलेल्या चरबीत जास्त सापडतं. हे १९७० च्या दशकातच लक्षात आलं होतं, म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेने बेकनमध्ये घालायच्या नायट्राइटवर १२० पीपीएमची (दहा लाख भागांत १२० भाग) मर्यादा आणली आणि सोबत व्हिटॅमिन सी चा भाऊबंद (अॅस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट) घालणं सक्तीचं केलं, तो ही रिअॅक्शन अडवतो. त्यामुळे आताच्या बेकनमध्ये प्रमाण तेव्हापेक्षा बरंच कमी असतं, पण शून्य नसतं.
आयएआरसीने (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये टाकलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा अंदाज. गट १ म्हणजे सिगारेटइतकं घातक असा अर्थ नाही हं, पुरावा पक्का आहे एवढाच अर्थ. धोका किती मोठा ते त्या गटावरून कळत नाही.
ती यादी मी पण पाहिलीय, बीबीसीच्या साइटवर २०१८ मध्ये आली होती. तिथे नुसती डुकराची चरबी होती, मुरवलेल्या, धुरावलेल्या बेकनची नव्हे. आणि तो स्कोअर म्हणजे बाकीच्या पदार्थांबरोबर खाऊन दिवसाची पोषणाची गरज कितपत भागते याचं गणित होतं, आठव्या नंबरची म्हणून वाटीभर खा असं त्यात कुठेच नव्हतं.

पूर्वाश्रमीचा_कीटोकर
म्हणजे बरणीवर सगळे तुटून पडलेत आणि रविवारच्या बेकनला कोणी काही बोलत नाहीये. वड्याचं तेल वांग्यावर!

धूरकट
तेच म्हणतोय. आठवड्यातून एकदा चार पट्ट्या खाणाऱ्याने फार घाबरू नये, पण रोज त्याच चरबीत परतलं तर रविवारचं बेकन सातही दिवस थोडं थोडं खाल्ल्यासारखं होतं, हे लक्षात असू द्या.

कांदापरतणारी
आता कोणीतरी स्वयंपाकाचं बोला, मी बोलते.
चूक बहुतेक बेकन शिजवतानाच होते. पॅन आधी सणसणीत तापवून त्यावर बेकन टाकू नका. थंड पॅनमध्ये पट्ट्या मांडा आणि मंद आचेवर ठेवा, वाटल्यास दोन चमचे पाणी घाला, चरबी हळूहळू सुटते, पांढरट राहते, जळत नाही, आणि धूरकट म्हणतात तो प्रकार पण कमी होतो कारण तो कडक आचेचाच खेळ आहे. चरबी तपकिरी झाली, करपट वास आला तर जीव अडकवू नका, ती जळलेली आहे. साखर किंवा मेपल लावलेल्या बेकनची तर ठेवूच नका, साखर खाली जळून बसते आणि पुढच्या वेळी अंडी पॅनला चिकटतात ती चिकटतातच.
मग पाच-दहा मिनिटं निवू द्या (उकळती चरबी थंड काचेत ओतली की बरणी तडकते, अनुभव आहे, ओट्यावरून दोन दिवस चरबी पुसत होते), बारीक गाळणीवर कॉफी फिल्टर किंवा पातळ कापड ठेवून गाळा. गाळणं महत्त्वाचं, मांसाचे बारीक कण राहिले की तेच आधी खराब होतात. खारटपणा पण मुख्यतः त्या कणांमध्येच असतो, स्वच्छ गाळलेल्या चरबीत मीठ अगदी नावाला. झाकण घट्ट, फ्रीजमध्ये तीन महिने, फ्रीझरमध्ये अजून जास्त. बरणीवर तारीख लिहा, लिहित नाही कोणी पण लिहा.
आणि वापरताना माझी युक्ती: परतायला साधं तेल घ्या, बेकनची चरबी अर्धा छोटा चमचा फक्त शेवटी, गॅस बंद करायच्या आधी. वास आणि चव चरबीतच विरघळलेली असते त्यामुळे अर्धा चमचा पूर्ण कोबीला पुरतो, आणि फार तापवलीच नाही तर धुराचा प्रश्न येत नाही. तिला १६० ते १९० अंशांच्या मधे कुठेतरी धूर सुटतो, किती स्वच्छ गाळलीय त्यावर आहे. डीप फ्राय वगैरे करायला ती नाहीच.

मोजूनमापून
+१, हा प्रतिसाद चिकटवून ठेवा कोणीतरी. एकच भर, कशात घालताय तेही बघा. कोबी, पालक, बीन्स, मसूर यात अर्धा चमचा गेला आणि त्यामुळे भाजी दुप्पट खाल्ली गेली तर मी आनंदाने हो म्हणेन. बटाटे आणि बेकन आणि चीज आणि वरून ती चरबी, याला नाही म्हणेन.

रविवारचा_तवा
मंडळी, खूप आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल मोजून बघितलं, मी ज्याला 'एक चमचा' म्हणत होतो तो प्रत्यक्षात जवळजवळ दोन मोठे चमचे निघाला, आणि तो सकाळी एकदा रात्री एकदा. म्हणजे २० ग्रॅम सॅच्युरेटेड नुसतं बरणीतून!! डॉक्टर उगाच बोलले नाहीत. आता आठवड्यातून तीनदा, अर्धा छोटा चमचा, शेवटी, आणि बेकन दोन रविवारांतून एकदा. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की इथेच टाकतो.
एक शंका, 'अनक्युअर्ड' (म्हणजे न मुरवलेलं) लिहिलेलं बेकन मिळतं ते घेतलं तर नायट्राइटचा प्रश्न मिटतो का?

धूरकट
बहुतेक वेळा नाही. त्यात सेलरी पावडर असते, सेलरीत नैसर्गिक नायट्रेट भरपूर, बॅक्टेरिया त्याचंच नायट्राइट करतात. पुढे पॅनमध्ये गेल्यावर नायट्राइट कुठून आलंय याने काही फरक पडत नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा, सेलरी दिसली की समजा.

कांदापरतणारी
आणि ती जुनी बरणी किती जुनी आहे? वासाने कळेल, रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर टाका. पण सिंकमध्ये नाही! थिजवून कागदात गुंडाळून कचऱ्यात. २०१७ मध्ये लंडनला व्हाइटचॅपलच्या गटारात १३० टनांचा चरबीचा गोळा सापडला होता, २५० मीटर लांब, तो असाच थोडा थोडा ओतून आणि वर वेट वाइप्स वगैरे टाकून झाला.

रविवारचा_तवा
उशीर झाला. जुनी बरणी बायकोने काल रात्रीच सिंकमध्ये रिकामी केली. गरम पाणी सोडलं होतं म्हणते.

कांदापरतणारी
गरम पाण्याने फक्त जरा पुढे जाऊन थिजते. प्लंबरचा नंबर शोधून ठेवा.