बेसमेंट मेम्ब्रेन आणि कॅन्सर पसरणं – सेमिनारसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी गोवा विद्यापीठात एमएस्सी करतेय, चवथीची सुट्टी संपली की लगेच सेमिनार आहे, आणि विषय घेऊन बसलेय बेसमेंट मेम्ब्रेनची प्रोटीन्स.

बेसिक कळलंय. एपिथेलियमखाली (म्हणजे अवयवांच्या अस्तराच्या पेशींखाली) हा पातळ थर, त्यात लॅमिनिनची एक जाळी आणि टाइप फोर कोलॅजेनची दुसरी, दोन्हींना धरून ठेवायला निडोजेन, पर्लेकॅन. कॅन्सरच्या पेशी थराच्या अलीकडे आहेत तोवर रिपोर्टात 'इन सिटू' (जागच्या जागी), पलीकडे गेल्या की इन्व्हेसिव्ह (आत घुसलेला). रक्तवाहिनीलाही स्वतःचा थर असतोच, म्हणजे शिरताना परत तेच आणि दुसऱ्या अवयवात उतरताना परत.

घोळ पुढे आहे. सगळीकडे लिहिलंय की एमएमपी-२ आणि एमएमपी-९ (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज) ही एन्झाइम्स कोलॅजेन फोर कापतात, गडगा पाडला की गुरं मोकळी. लिओटा आणि मंडळींचा १९८० चा नेचरमधला पेपरही त्याच बाजूचा. मग मारिमास्टॅटसारखी एमएमपी अडवणारी औषधं ट्रायलमध्ये का आपटली? सांधे दुखायला लागले लोकांचे, फायदा जवळपास नाहीच. त्यात २०२१ चा नेचर मटेरियल्समधला पेपर हाती लागला, नेट्रिन-४ नावाचं प्रोटीन म्हणे लॅमिनिनच्या गाठी सोडवतं, मेम्ब्रेन मऊ पडते आणि मेटास्टॅसिस (कॅन्सर दुसऱ्या अवयवात पसरणं) कमी होतं!! गाठी सुटल्या तर पेशी उलट जास्त पळायला हव्यात ना? मॅडम म्हणाल्या अजून वाच.

(इन्व्हेजन टेस्टला, म्हणजे पेशी थर ओलांडतात का ते बघायला, आपण जे मॅट्रिजेल नावाचं जेल वापरतो तेही उंदराच्या ट्यूमरमधूनच काढलेलं, हे वाचून हसूच आलं.)

कोणी पॅथॉलॉजीतलं असेल तर प्लीज सांगा, सोप्या भाषेत.

प्रतिसाद १:
ताई, एमएमपी नुसत्या कापत नाहीत. मॅट्रिक्समध्ये (पेशींभोवतीच्या जाळीत) अडकलेले ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारी प्रोटीन्स) सुटतात, आणि कापताना निघणारा कोलॅजेन फोरचा ट्यूमस्टॅटिन नावाचा तुकडा नव्या रक्तवाहिन्यांना अडवतो, म्हणजे सरसकट सगळ्या बंद केल्या की कामाच्या पण गेल्या. शिवाय बऱ्याच ट्रायल आजार आधीच पुढे गेलेल्या पेशंटवर झाल्या, तेव्हा थर ओलांडून झालेला असतो, आता अडवणार काय?

नेट्रिनचं म्हणाल तर त्या पेपरात भोकं मोठी झालीयत हे त्यांनीच लिहिलंय, तरी पेशी कमी पार होतात, कारण भोकाच्या साइजपेक्षा टणकपणा जास्त मोजतो असं त्यांचं म्हणणं. एमएमपीचं आणि नेट्रिनचं दोन्ही एकाच स्लाइडवर कोंबू नका, परीक्षक तिथंच धरतील.